सिमिरीची दहा मिनिटं : अंगात आणलं कुणी?

१५ मार्च १९७१. नायजरची राजधानी नियामेच्या उत्तरेला, साहेलच्या कोरड्या पट्ट्यातलं सिमिरी हे झर्मा लोकांचं गाव. एका वाड्याच्या अंगणात जुने ढोल वाजताहेत. दैवतं कुणाच्या तरी अंगात यावीत, त्यांना गाऱ्हाणं घालावं आणि येत्या हंगामात बाजरीवर टोळधाड पडणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घ्यावं, यासाठी हा सगळा घाट घातला आहे. काही दिवस वाजवून झालं, नाचून झालं, पण दैवत कुणाच्याच अंगात आलेलं नाही. दुपार कलली, उजेड उतरणीला लागला, आणि गेले काही दिवस नुसतं बघत बसलेल्या एका त्रेपन्न वर्षांच्या फ्रेंच माणसाने कॅमेरा उचलून कळ दाबली. रीळ संपत येईपर्यंत त्याने ती सोडली नाही. त्या सुमारे दहा मिनिटांत दोन माणसांच्या अंगात आलं.

माणसाचं नाव झाँ रूश. चित्रपटाचं नाव ‘तुरू ए बिती’, म्हणजे त्या ढोलांचीच नावं. मानवशास्त्रात आणि माहितीपटांच्या जगात या दहा मिनिटांवर पन्नास वर्षं वाद चालू आहे, कारण खुद्द रूशने एक धाडसी विधान करून ठेवलं: चित्रीकरणामुळेच दैवत येण्याला वाट मोकळी झाली, चित्रीकरणाने त्याला वेग दिला. कॅमेरा नुसता साक्षीदार नव्हता, तोही विधीचा एक भाग झाला, असा त्याचा अर्थ. हे विधान खूप गाजलं, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त विश्वासाने पुढे सांगितलं गेलं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून उलगडून बघायचं आहे.

पूल बांधणारा साहेब

रूश मुळात मानवशास्त्रज्ञ नव्हे. १९१७ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा गृहस्थ शिकला रस्ते आणि पूल बांधायला, आणि १९४१ साली फ्रेंच वसाहतीच्या नोकरीत नायजरला आला तोही मुकादमांवर देखरेख करणारा इंजिनिअर म्हणून. १९४२ साली त्याच्या रस्त्याच्या कामावर वीज पडून मजूर दगावले. अशा मृत्यूचा संबंध तिथे सरळ दोंगोशी लावला जातो. दोंगो हा मेघगर्जनेचा स्वामी, सोंघाय आणि झर्मा या जवळच्या लोकसमूहांच्या दैवतांतला सर्वांत भीतिदायक. त्याला शांत केल्याशिवाय प्रेतांना हात लावायचा नसतो. रूशच्या हाताखाली दामुरे झिका नावाचा एक तरुण होता, नायजर नदीवरच्या सोर्को कोळ्यांपैकी. त्याची आजी कालिया या विधीतली जाणकार. तिने येऊन ढोल आणि तारेच्या वाद्याच्या साथीने तो विधी केला. इंजिनिअर साहेब बघत राहिले. असलं काही लिहून सांगता येणार नाही, नुसत्या फोटोंतही मावणार नाही, याला चित्रपटच हवा, असं त्याला तेव्हा वाटल्याचं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

महायुद्धानंतर १९४६-४७ मध्ये दोन मित्रांबरोबर तो नायजर नदीच्या उगमाकडून समुद्रापर्यंत होडीने आला. जवळ पॅरिसच्या जुन्या बाजारात घेतलेला, चावी देऊन चालवायचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा. वाटेत नदीच्या धारेत कॅमेऱ्याची तिपाई गेली. नाइलाजाने कॅमेरा हातात धरून काम सुरू झालं, आणि तेच पुढे त्याचं वैशिष्ट्य ठरलं. दामुरे त्याचा जन्मभराचा सहकारी झाला. चित्रपटांतला नट, वाटाड्या, दुभाषा, थट्टेखोर मित्र, सगळंच.

सिमिरी त्याला १९७१ साली नवं नव्हतं. १९५१ साली त्याने याच गावात पाऊस मागण्याचा ‘येनेन्दी’ हा उत्सव चित्रित केला होता. म्हणजे वीस वर्षांची ओळख. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा वाद ‘गोऱ्या माणसाचा कॅमेरा अचानक गावात आला’ असं समजून केला तर दिशाच चुकते. १९७१ सालीही त्याला बोलावणं गावातूनच आलं होतं. विधी करणारा पुजारी दाउदा सोर्को याला हे जुने ढोल चित्रपटात यायला हवे होते.

वाजवणारे, नाचणारे, बोलावणारे

सोंघाय-झर्मा विधीत कामं वाटून दिलेली असतात. ‘झिमा’ हा पुजारी. कोणतं दैवत कोणत्या कारणासाठी बोलवायचं, आल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, त्याच्या मागण्या कशा मान्य करायच्या आणि त्याला परत कसं पाठवायचं, हे तो जाणतो. ‘सोर्को’ हा दैवतांची बिरुदं म्हणणारा. त्याने नेमके शब्द म्हटले की दैवताचे कान टवकारतात असं मानतात. ज्याच्या अंगात येतं त्याला दैवताचा घोडा म्हणतात, आणि दैवत त्याच्यावर स्वार होतं. वादकांमध्ये ढोलांपेक्षा, निदान नेहमीच्या विधीत, मान असतो तो गोजेला. घोरपडीच्या कातड्याने मढवलेला भोपळा, त्यावर घोड्याच्या शेपटीच्या केसांची एकच तार, आणि ती गजाने वाजवायची. या वाद्याचा आवाज म्हणजे पूर्वजांचं रडणं, असं सोंघाय लोक सांगतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ पॉल स्टोलर यांनी याच प्रदेशात वर्षानुवर्षं राहून यावर लिहिलं आहे.

दैवतांची कुळं आहेत. नदीची माता हाराकोय दिक्को आणि तिचा परिवार हे थोर घराणं. दोंगो त्यातलाच. मग मातीचे जुने मालक मानली जाणारी ‘काळी’ दैवतं. पीकपाणी, टोळ, रानातलं सगळं बरंवाईट त्यांच्या हाती. सिमिरीत त्या मार्चमध्ये बोलावणं होतं ते यांना, आणि तुरू-बिती हे ढोलही यांचेच. शिवाय १९२०च्या दशकात एक अगदी नवं कुळ अवतरलं, हौका. त्यात गव्हर्नर, सैनिक, आगगाडीचा ड्रायव्हर असली वसाहतीतली पात्रंच दैवतं होऊन अंगात येऊ लागली. म्हणजे ही पुरातन, गोठलेली परंपरा मुळीच नाही. नवं काही समोर आलं की तिच्यात त्याला जागा होते. कॅमेऱ्याचा प्रश्न याच पार्श्वभूमीवर बघायचा.

प्रत्येक दैवताची आपली चाल असते, आपला ठेका असतो, आपली बिरुदं असतात. वादक नुसतं ‘जोरात’ वाजवत नसतो. तो नाचणाऱ्याकडे डोळे लावून असतो. खांदा कसा हलतोय, पाय कुठे अडखळतोय, श्वास बदललाय का, हे बघून तो चाल बदलतो. येणारं दैवत कोणतं याचा पहिला अंदाज बहुधा त्यालाच येतो.

वाजवण्याबद्दल रूशने खाल्लेला टोला

इथे एक आधीची गोष्ट सांगायला हवी, कारण संगीताकडे बघण्याची रूशची नजर तिथे बदलली. १९५१ साली त्याने नायजर नदीवर पाणघोड्याची शिकार चित्रित केली. संकलन करताना शिकारीच्या प्रसंगावर शिकाऱ्यांच्याच परंपरेतलं वीरश्रीचं संगीत टाकलं. कोणत्याही दिग्दर्शकाने टाकलं असतं. १९५४ साली तो चित्रपट घेऊन तो अयोरू गावी गेला, पडदा लावला आणि ज्यांची शिकार चित्रित केली त्यांनाच दाखवला. मेलेली माणसं पडद्यावर हलताना पाहून लोक रडले. मग चित्रपट पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला, आणि शेवटी शिकाऱ्यांनी आक्षेप घेतला तो संगीतावर. शिकारीत चिडीचूप असावं लागतं, पाणघोड्याचे कान पाण्याखालीही तिखट. इतकं वाजवलं तर तो थांबेल का?

रूशने ते संगीत काढून टाकलं. त्यांच्या लेखी वाजवणं म्हणजे पार्श्वसंगीत नव्हतंच. वाजवलेलं कुणीतरी ऐकतं, मग तो पाणघोडा असो वा दोंगो, आणि ऐकून काहीतरी करतं. १९७१ची दहा मिनिटं समजायला हे पुरेसं आहे.

यंत्राचा हिशोब

हा भाग थोडक्यात, पण टाळता येणार नाही. १९५१ साली सिमिरीत वापरलेल्या चावीच्या कॅमेऱ्याची स्प्रिंग एकदा भरली की जेमतेम पंचवीस सेकंदं चाले. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागे. दैवत येण्याची प्रक्रिया कित्येक मिनिटांची. ती पंचवीस सेकंदांच्या तुकड्यांत पकडायची म्हणजे आधी आणि नंतर दिसणार, मधलं निसटणार. १९६०च्या सुमारास खांद्यावर पेलणारे, आवाज न करणारे कॅमेरे आणि त्यांच्याशी जुळून चालणारे टेपरेकॉर्डर आले. ते घडवण्यात रूशचाही हात होता. १६ मिलिमीटरच्या १२० मीटर रिळात सुमारे अकरा मिनिटं मावतात. म्हणजे त्याच गावात, तोच विधी, तोच माणूस, पण आता तो मधलं सगळं सलग टिपू शकत होता. रूश दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्रण करी, एक कॅमेऱ्याच्या भिंगाला लावलेला आणि दुसरा बाहेर, चौकटीत नसलेलं बघायला. भिंग रुंद कोनाचं, म्हणजे जवळ जावंच लागे. लांबून माणसं टिपणं त्याला आवडत नसे.

आणि त्याच्या शेजारून मायक्रोफोन घेऊन चालणारा मूसा हामिदू. नायजरचाच माणूस, रूशनेच तयार केलेला, भाषा जाणणारा, वाजणाऱ्या चाली ओळखणारा. या प्रकरणावर लिहिणारे रूशच्या खांद्याबद्दल पानंच्या पानं लिहितात, हामिदूच्या कानाबद्दल एखादी ओळ. त्या दिवशी उशीर झाला होता, दैवत यायची लक्षणं नव्हती. तरी निदान हे ढोल तरी घेऊन ठेवू, असा आग्रह धरणाऱ्यांत हामिदू होता. तुरू आणि बिती मागे पडत चालले होते. कॅमेरा सुरू झाला तो नोंद म्हणून. चमत्काराची वाट बघत कुणी बसलं नव्हतं.

ती दहा मिनिटं

रूश बाहेरून चालत अंगणात शिरतो. कट नाही, त्यामुळे बघणाराही त्याच्याबरोबर चालत आत येतो. समोर वादक, त्यांच्यापुढे साम्बू अल्बेदू हा नर्तक. बराच वेळ नाचून थकलेला, पण चाल सुटलेली नाही. कॅमेरा वादकांच्या जवळ जातो, एकेका ढोलाकडे बघतो, हातांकडे बघतो, पुन्हा साम्बूकडे वळतो. इथवर हा खरंच ढोलांचा चित्रपट आहे, आणि चांगला आहे.

मग ढोल थांबतात.

कोणताही कॅमेरामन इथे कळ सोडेल. वाजवणं संपलं, प्रसंग संपला. रूशही थांबायच्या बेतात होता, पण थांबला नाही. आणि त्या मोकळ्या जागेत तारेचं वाद्य वाजवणारा एकटाच पुन्हा सुरू झाला. त्याने काहीतरी पाहिलं होतं. साम्बूमध्ये काहीतरी हललं होतं, आणि ते कोण हे त्याला कळलं होतं. पाठोपाठ साम्बू पालटला. अंगात आला होता कुरे, तरस.

झिमा पुढे झाले, बोलणं सुरू झालं. कुरे मटण मागतो. तरसच तो, दुसरं काय मागणार? पुजारी त्याच्याकडून पिकाची हमी मागतात. घासाघीस चालते ती अगदी बाजारातल्यासारखी मोकळी. भाविकतेचा भारदस्त सूर नाही, हे मला या चित्रपटात सर्वांत आवडतं. दैवताला मान आहे, पण त्याच्याशी व्यवहारही चोख करायचा आहे. इतक्यात तुसिन्ये वासी नावाची वृद्ध बाई घुमू लागते आणि तिच्या अंगात येतो हाजो, फुलानी गुलाम. कॅमेरा दोघांमध्ये फिरतो. रीळ संपत आलं आहे हे रूशला ठाऊक आहे. तो मागे सरतो, सगळं अंगण चौकटीत घेतो, बघत उभी असलेली गावातली पोरं दिसतात, आणि चित्रपट संपतो.

रूश काय म्हणाला

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला ‘कृष्णवर्णीय आफ्रिकेतील व्यक्तीची कल्पना’ या विषयावर मोठी परिषद झाली. तिथे रूशने जे मांडलं ते १९७३ साली छापून आलं. मांडणी अशी: सोंघाय कल्पनेप्रमाणे माणसाला ‘बिया’ असतो, त्याची सावली, त्याचं प्रतिबिंब, त्याचा जोड. दैवत अंगात येतं तेव्हा ते या बियाची जागा घेतं. झोपेत बिया बाहेर हिंडतो, चेटकीण तो पळवते, जादूगार आपला बिया कामाला धाडतो. मग कॅमेरा घेऊन नाचणाऱ्यांत शिरलेल्या माणसाचं काय? तो डोळा भिंगाला लावून अडखळत, सरकत, नाचणाऱ्यांच्या पावलांशी पावलं जुळवत चाललेला असतो. तोही त्या वेळी तो उरत नाही. गावकरीही त्याच्याकडे तसंच बघतात. या अवस्थेला त्याने ‘सिने-ट्रान्स’ म्हटलं; ट्रान्स म्हणजे भान हरपणं. आपली ही अवस्था आणि साम्बूची अवस्था एकमेकींना चेतवत गेल्या, हा त्याचा दावा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मानायला हवी. त्या काळात मानवशास्त्रज्ञ स्वतःला चौकटीबाहेर ठेवत असत. जणू आपण तिथे नव्हतोच. रूश म्हणतो की मी तिथे होतो, माझ्या असण्याने फरक पडला, आणि तो फरक मी त्या लोकांच्या कल्पनांतून समजून घेणार. १९७१ साली हे मोठं पाऊल होतं.

पण दावा खरा आहे का?

तपासणी

पहिली अडचण उघड आहे. एका घटनेवरून कारण ठरत नाही. काही दिवस कॅमेरा बंद, दैवत नाही. कॅमेरा सुरू, दैवत हजर. हा क्रम डोळ्यांत भरतो, पण क्रम म्हणजे कारण नव्हे. रूशने कितीतरी विधी चित्रित केले. जिथे काहीच घडलं नाही ती रिळं चित्रपट होऊन आपल्यापुढे येत नाहीत. आपण पाहतो ते निवडून आलेलं.

दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. १९६७ ते १९७३ या काळात, म्हणजे सिमिरीच्या अलीकडे-पलीकडे, रूश दरवर्षी फ्रेंच मानवशास्त्रज्ञ जर्मेन दिएतर्लेन यांच्यासह मालीतल्या बंडियागाराच्या कड्यावर जात होता. दोगोन लोकांचा सिगी उत्सव तिथे साठ वर्षांनी एकदा येतो आणि सात वर्षं गावागावांतून फिरतो. तोच माणूस, तशीच यंत्रं, तसेच सलग लांब शॉट, ढोल, नाच, गर्दी. कुणाच्या अंगात आलं नाही. का येईल? सिगीत दैवत अंगात यायची रीतच नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या ‘चेतवण्याने’ काही होत असेल तर ते तिथेच, जिथे झिमा आहे, घोडा आहे, दैवताची चाल आहे आणि येण्याची वाट बघणारी माणसं आहेत.

हे आपल्याला संगीताच्या जुन्या वादाकडे घेऊन जातं. १९६२ साली अँड्र्यू नेहर यांनी असं मांडलं होतं की ढोलाच्या ठेक्याची लय मेंदूच्या लहरींना आपल्यामागे ओढते आणि माणूस भान हरपतो. जिल्बेर रूजे यांनी १९८० साली संगीत आणि ट्रान्स या विषयावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात या कल्पनेची खिल्ली उडवली: तसं असतं तर निम्मी आफ्रिका वर्षभर घुमत राहिली असती. रूजे हे पॅरिसच्या म्युझे द लोम या मानवशास्त्रीय संग्रहालयातले संगीतशास्त्रज्ञ. बेनिनमधल्या व्होदून पंथांच्या संगीतावर त्यांनी आयुष्य घातलं आणि रूशबरोबर त्यांनी चित्रपटही केले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ढोल कुणाला यांत्रिकपणे भानाबाहेर ढकलत नाही. संगीत दैवताची ओळख पटवतं. ही तुझी चाल, तुला बोलावलंय, हे सगळ्यांना एकदम कळतं, आणि ज्याला येणं शिकवलेलं आहे त्याला येता येतं. आपल्याकडे संबळ ऐकून बघ्यांतला प्रत्येक जण घुमत नाही, ज्याच्या अंगात यायचं त्याच्याच येतं, तिथलंही तसंच.

या नजरेने सिमिरीचं रीळ बघितलं तर काय दिसतं? ढोल तासन्‌तास वाजले आणि काही झालं नाही. नेहर तिथेच बाद होतात. निर्णायक क्षण येतो तो ढोल थांबल्यावर. शांतता पडली, साम्बूत बदल झाला, तो एका वादकाने हेरला आणि नेमकं काय वाजवायचं ते वाजवलं. चित्रपटातच पुरावा आहे, आणि तो कॅमेऱ्यापेक्षा त्या वादकाकडे बोट दाखवतो. रूशने स्वतःच त्याचं वर्णन करून ठेवलंय. फक्त श्रेय वाटताना स्वतःच्या पदरात जरा जास्त टाकून घेतलं.

रूशच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद कोणता, तोही बघू. ढोल थांबले तेव्हा त्याने कळ सोडली असती, मायक्रोफोन खाली आला असता, तर अंगणातल्या प्रत्येकाला ‘झालं आता’ हा संदेश गेला असता. दोन माणसं यंत्रं घेऊन अजून उभी आहेत, म्हणजे अजून संपलेलं नाही. वादकांचं, साम्बूचं, पुजाऱ्यांचं लक्ष टिकलं. हे मला पटतं. पण हा परिणाम भिंगाचा नव्हे, उत्सुक प्रेक्षकाचा आहे. एखादा मानाचा पाहुणा ढोल थांबल्यावरही डोळे लावून बसून राहिला असता तर तेच झालं असतं. विशेषतः तो वीस वर्षं येणारा, झिमांनी बोलावलेला, पडद्यावर दैवतं दाखवू शकणारा पाहुणा असेल तर. जत्रेत अवसर आलेल्याभोवती मोबाइल उंचावून कोंडाळं करणाऱ्यांना ‘सिने-ट्रान्स’चा हवाला देताना मी ऐकलं आहे. त्यांना रूशची वीस वर्षं गाळून फक्त कॅमेरा उचलायचा असतो.

बघण्याचा हक्क

या प्रकरणाला एक सावलीही आहे. १९५४ साली रूशने गोल्ड कोस्टमधल्या (आजच्या घानातल्या) आक्राजवळ हौकांचा विधी चित्रित केला. तोही तिथल्या हौका पुजाऱ्यांच्या निमंत्रणावरून. पॅरिसमध्ये तो दाखवल्यावर मानवशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओलसारखे त्याचे गुरू आणि आफ्रिकन विद्यार्थी दोघंही भडकले. नष्ट कर म्हणाले. ब्रिटिशांनी गोल्ड कोस्टमध्ये त्यावर बंदी घातली. १९६५ साली सेनेगलचे चित्रपटकार उस्मान सेम्बेन यांनी रूशला तोंडावर सुनावलं की तुम्ही आमच्याकडे किडे बघावेत तसे बघता.

सिमिरीचा सलग शॉट काही अंशी या आरोपाला दिलेलं उत्तर आहे असं मला वाटतं. कट नसल्यामुळे हवा तो भयंकर क्षण उचलून चिकटवता येत नाही. अंगात येण्याआधीचं कंटाळवाणं वाजवणं, थकवा, थांबणं, सगळं बघावं लागतं. साम्बू हा ‘आविष्ट आफ्रिकन’ न राहता बराच वेळ नाचून दमलेला नावानिशी माणूस राहतो. वाद्यं, वादक, पुजारी, सौदा, बघणारी पोरं, सगळं एकाच जागेत, एकाच काळात. तरीही निवेदन रूशचं, फ्रेंचमध्ये. साम्बूला काय वाटलं, त्या वादकाने नेमकं काय पाहिलं, हे त्यांच्या तोंडून चित्रपटात येत नाही. पाणघोड्याचा चित्रपट शिकाऱ्यांना दाखवून त्यांचं ऐकणारा हाच रूश, त्याचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धांत मात्र परिषदेत मांडतो तो स्वतःच्या भान हरपण्याबद्दल.

गावाच्या बाजूने बघितलं तर कोडं उरतच नाही. कुरे आला कारण त्याला बोलावलं होतं. उशिरा आला कारण तो तरस आहे. त्याच्याकडून हमी घ्यायची होती ती मागितली, त्याने बदल्यात मागायचं ते मागितलं. साहेलमध्ये १९६८ पासून अवर्षण चालू होतं आणि ते १९७३ पर्यंत हटलं नाही, त्यामुळे त्या अंगणातल्या माणसांच्या डोक्यात बाजरीचा विचार कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, रूश नायजरमध्येच रस्त्यावरच्या अपघातात गेला. ‘सिने-ट्रान्स’ हा शब्द चित्रपटाच्या अभ्यासक्रमांत रुळला आहे. त्या दुपारी मात्र कॅमेरा उचलला गेला तो ढोलांसाठी, आणि पुजाऱ्याला चित्रपटात हवे होते तेही ढोलच. पहिली काही मिनिटं, जिथे काहीच घडत नाही असं समजून बहुतेक जण पुढे सरकतात, तिथे तुरू आणि बिती कसे वाजवतात ते हातांसकट, आवाजासकट, सलग मिळतं. या चित्रपटावरच्या चर्चेत त्याबद्दल फारच थोडं वाचायला मिळतं.